आधी लायब्ररी लाव

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "काका, वाचायलाच पाहिजेत अशा पन्नास पुस्तकांची यादी पाठवा, या वर्षी मनावर घेतलं आहे," असं तू लिहिलंस. यादी पाठवत नाही. राग मानू नकोस. यादी हातात आली की अर्धं वाचून झाल्यासारखं वाटतं, आणि उरलेलं अर्धं कधीच होत नाही. शिवाय माझी यादी माझ्या वयाची, माझ्या आवडीनिवडीची. ती तुझ्या गळ्यात कशाला मारू?

त्यापेक्षा एक काम सांगतो. आधी लायब्ररी लाव.

तू म्हणशील, पुस्तकं घरबसल्या मागवता येतात, मग लायब्ररी कशाला? सांगतो. विकत घेतलेलं पुस्तक कुठे पळून जात नाही, म्हणूनच ते वाचायचं राहतं. तुझ्या टेबलावर प्लॅस्टिकच्या वेष्टनातली तीन पुस्तकं मी दिवाळीत पाहिली आणि संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलो तेव्हाही पाहिली. वेष्टन तसंच होतं. लायब्ररीच्या पुस्तकाला परतीची तारीख असते. तारीख जवळ आली की माणूस मुकाट्याने रात्री तासभर जास्त जागतो. वाचनाची गोडी वगैरे मागाहून लागते. आधी ती तारीख लागते. आणि दुसरं, लायब्ररीच्या पुस्तकाचे पैसे गेलेले नसतात. नाही आवडलं तर पन्नासाव्या पानावर मिटून परत करता येतं. विकत घेतलेलं असलं की चारशे रुपये वसूल करायला आपण ते ओढत राहतो, आणि तेवढ्यात वाचायची इच्छाच मरते.

पुस्तक अर्धवट सोडणं हे पाप आहे असं तुला शाळेत कोणी सांगितलं असेल तर विसरून जा. मी सर्रास सोडतो. फक्त कादंबरी असेल तर पहिल्या चाळीसेक पानांवर निकाल देऊ नये, कारण काही लेखक अंगणातच बराच वेळ बसवून ठेवतात. आत्मचरित्रात मात्र लेखक खोटं बोलतोय की काय हे दहा पानांत कळतं.

कुठली लायब्ररी, हा प्रश्न नावलौकिकाने सोडवू नकोस, वाटेने सोडव. तू रोज बर्डीहून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीहून, खापरीपर्यंत मेट्रोने जातेस. म्हणजे बर्डीच्या परिसरातलं वाचनालय तुझ्या सोयीचं. उतरलीस की पुस्तक बदलून घरी. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहेच. संघ १९२३ सालचा, आपलं नागपूर विद्यापीठही त्याच वर्षाचं. पण तुझ्या घराजवळ, गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं वाचनालय असेल तर तेही पाहून ये. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, आणि त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. ड वर्ग ऐकून नाक मुरडू नकोस. त्या वर्गावर सरकारी अनुदान ठरतं, कपाटात काय निघेल ते नाही. मोहल्ल्यातला एखादा जुना वाचक वारला की घरचे लोक त्याची पुस्तकं अशाच छोट्या वाचनालयाला देऊन टाकतात, आणि मग दोन खोल्यांतल्या एका कोपऱ्यात अचानक जंगलांवरची किंवा नाटकांची किंवा विणकामाची सगळी पुस्तकं एकगठ्ठा सापडतात.

नाव घालायच्या आधी एकच गोष्ट विचार: कपाटांपर्यंत आत जाऊ देतात का? याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. काही ठिकाणी अजून खिडकीवर चिठ्ठी द्यायची आणि आतून पुस्तक यायचं, असा कारभार चालतो. तिथे जाऊ नकोस. नाव माहीत असलेलंच पुस्तक मागता येत असेल तर तुझं पुन्हा यादीवरच येऊन अडणार.

आत गेलीस की पहिल्या दिवशी काही घ्यायची घाई करू नकोस. नुसती फिर. लहान वाचनालयांत कादंबरी, कथा, चरित्र, धार्मिक, बालविभाग असे सरळ कप्पे असतात. मोठ्या ठिकाणी प्रत्येक विषयाला आकडा देणारी ड्यूईची दशांश पद्धत दिसेल, १८७६ पासून जगभर चाललेली. तीत मराठी साहित्य ८९१.४६ वर बसतं, भारताचा इतिहास ९५४ वर, पक्षी ५९८ वर. आकडे पाठ करायची गरज नाही, पण ही मांडणी समजून घे. आपल्याला हवं असलेलं पुस्तक बरेचदा आपण शोधत असलेल्या पुस्तकाच्या शेजारी उभं असतं. तू गोंड राजांबद्दल काही शोधायला जाशील आणि शेजारचं भोसल्यांच्या नागपूरवरचं काढून आणशील. हा शेजार मोबाइलवर मिळत नाही. तिथे तुला जे आधी आवडलं त्याचीच भावंडं पुढे येतात.

आणि पुस्तक उचललंस की शेवटचं पान उघड. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. जांभळ्या शाईचे शिक्के, एकाखाली एक, काही तिरके, काही अर्धेच उमटलेले. मी पुस्तकाच्या पाठीमागचा मजकूर वाचायच्या आधी ही चिठ्ठी वाचतो. एखाद्या पुस्तकावर दर पंधरवड्याला शिक्का असतो आणि मग एकदम सगळं थांबतं. म्हणजे तेव्हा त्याची चर्चा होती, ती ओसरली. एखाद्यावर आठ-दहा वर्षांत जेमतेम चार शिक्के, पण ते चारही मुदत वाढवून घेतल्याचे, एकापुढे एक लागून. कोणीतरी ते पुस्तक सोडायलाच तयार नव्हतं! असं दिसलं की मी डोळे मिटून घेऊन येतो. आता संगणक आले, चिठ्ठ्या कोऱ्या राहतात, म्हणून जुन्या पुस्तकांवर ही गंमत शिल्लक आहे तोवर करून घे.

ग्रंथालयशास्त्राचे आपले जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं असं, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. चार शिक्क्यांचं पुस्तक हातात घेतलं की मला ते सूत्र पटतं. चौथं सूत्र मात्र म्हणतं की वाचकाचा वेळ वाचवा. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही, आणि संशोधकासाठी ते बरोबरच आहे. पण तुझ्यासारखीचा वेळ लायब्ररीने थोडा फुकट घालवावा, असं माझं मत आहे.

एक तक्रार करून टाकतो, कारण तू आत गेल्यावर तुला तेच दिसणार. बऱ्याच वाचनालयांत हॉल गच्च भरलेला असतो, मुलं सकाळी डबा घेऊन येतात ती रात्री जातात, आणि कपाटांना कोणी हात लावत नाही. सगळे स्पर्धा परीक्षेचे गाइड घेऊन बसलेले. मुलांना मी दोष देत नाही. घरात बसायला जागा नाही, डोक्यावर पंखा आणि शांतता पाहिजे, अभ्यासिकेच्या फीवर वाचनालयाचं वीजबिल निघतं. पण मी एकदा पाणी प्यायला उठलेल्या एका मुलाला विचारलं, या कपाटातलं कधी काही काढलं का? तो म्हणाला, "काका, सिलॅबसमध्ये नाही ना." तो खोटं बोलला नाही. तू मात्र त्या हॉलमध्ये बसू नकोस. पुस्तक घे आणि बाहेर पड.

आता तुझी खरी अडचण. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी वाचायला वेळ लागतो, जोडाक्षरावर अडखळते, लाज वाटते, असं तू लिहिलंस. यात लाजण्यासारखं काही नाही, डोळ्यांना सराव नाही एवढंच. उपाय आहे, मोठ्याने वाचायचा. आई स्वयंपाक करत असेल तेव्हा ओट्याशी उभी राहून रोज दहा-पंधरा मिनिटं वाचून दाखव. आईला करमणूक, तुला सराव, आणि चुकलीस की ती फोडणी देता देता दुरुस्त करेल. सुरुवात पत्रं, आठवणी, प्रवासवर्णनं, नाटकं यांनी कर. नाटक तर बोलण्यासाठीच लिहिलेलं असतं, जिभेवर लगेच बसतं. जुन्या वळणाची लांब वाक्यं असलेली कादंबरी पावसाळ्यापर्यंत थांबेल.

आणि हिंदी सोडू नकोस. पुण्याकडच्या मंडळींना जे कष्टाने मिळवावं लागतं ते आपल्याला रस्त्यावर मिळतं. १९५६ पर्यंत आपलं नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे आपल्या जुन्या वाचनालयांत मराठीच्या बरोबरीने हिंदीची कपाटं असतात. मुक्तिबोधांचंच घर घे. घरची भाषा मराठी. थोरले गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीत कवी आणि कादंबरीकार. दोघांनीही नागपुरात वर्षं काढली. दोन भाऊ दोन भाषांत, आणि कोणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही. तू दोघांना एकामागून एक वाचून बघ. कविता कळली नाही तरी चालेल, पुन्हा वाच.

विकत घेऊच नकोस असं मी म्हणत नाही. उलट वर्षातून एकदा तरी तुला पुस्तक घेताना पाहायचं आहे, आणि ते दीक्षाभूमीवर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माझ्याबरोबर चल. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे दीक्षा दिली तेव्हापासून लोक येतात, आणि येणाऱ्याच्या हातात परत जाताना पुस्तक असतं. रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून, टेबलं मांडून पुस्तकांची दुकानंच दुकानं लागतात. दहा-वीस रुपयांच्या पिनेच्या पुस्तिकांपासून जाडजूड ग्रंथांपर्यंत सगळं. बाबासाहेबांची लेखनं आणि भाषणं राज्य सरकारने १९७९ पासून खंडाखंडांनी काढली. त्या सरकारी स्टॉलपुढची रांग बघ. बुलढाण्याकडून, नांदेडकडून रात्रभर प्रवास करून आलेली बाई पदराच्या गाठीतून नोटा काढते, मोजते, एक खंड घेते, आणि तो पिशवीत चटणी-भाकरीच्या डब्याखाली नाही, वर ठेवते. स्वतःला वाचता येत नाही, नातीसाठी घेतलंय, असंही सांगणाऱ्या बाया मला तिथे भेटल्या. पुस्तकप्रेमाबद्दल आपण जे गोड गोड बोलतो, चहाचा कप आणि खिडकीतला पाऊस वगैरे, ते त्या रांगेत उभं राहून बोलून दाखवावं.

उन्हाळ्याचं थोडं सांगायला हवं, कारण मार्च सरत आलाय. पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सुट्टीच्या दिवशी हाच आपला वाचायचा वेळ. दार लावून घ्यायचं, पडदा ओढायचा. पण कूलरच्या समोर पुस्तक धरून बसू नकोस, आणि कपाट तर त्या झोतात ठेवूच नकोस. कूलरची हवा दमट असते. पानं आधी लहरी धरतात, मग जुलैमध्ये त्यावर बुरशीचे ठिपके येतात. खोलीतली उरलेली हवा मात्र इतकी कोरडी की नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या बांधणीचा कणा उघडताना कडकड वाजतो आणि पानं सुटी होतात. असं पुस्तक टेबलावर उलथं पालथं पसरून ठेवू नये, मध्ये कागदाची पट्टी घालून मिटावं. पान सुटलंच तर सेलोटेप लावू नकोस, ती पिवळी पडते आणि अक्षरं खाते. ग्रंथपालांना दे, ते खळ लावून पातळ कागदाच्या पट्टीने बसवतील. रागावणार नाहीत, लपवलंस तर रागावतील.

लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिलीने खुणा करू नयेत हे सांगायला नकोच. वहीत पान नंबर आणि स्वतःच्या शब्दांत एखादी ओळ, एवढं पुरे. छान छान वाक्यं उतरवून काढायची सवय लावून घेऊ नकोस. त्याने अक्षर सुधारतं फक्त.

मोबाइलवर वाचण्याबद्दल विचारलंस. वाच की. मेट्रोत उभी असशील तेव्हा तेच सोयीचं. मराठी विश्वकोश पूर्ण फुकट वाचता येतो, कुठलीही नोंद काढ आणि वाचत जा. फक्त मध्येच वरून मेसेज टपकतात, तेवढे बंद ठेव.

आणि दिवाळी जवळ आली की वाचनालयात दिवाळी अंकांची योजना निघते, तिचे पैसे वेगळे भरून ठेव. १९०९ मध्ये 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली खास चैन. चांगले अंक पहिल्या आठवड्यातच उचलले जातात, म्हणून लवकर जायचं. उरलेले मार्चपर्यंत फिरत राहतात. कुणाचं लेखन तुला आवडतं हे एका हंगामात कळेल, आणि मग त्यांची पुस्तकं तू स्वतःच शोधशील.

तर येत्या शनिवारी जमव. पासपोर्ट साइजचे दोन फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, अनामत रकमेसाठी आणि महिन्याच्या वर्गणीसाठी सुटे पैसे. काही ठिकाणी जुन्या सभासदाची शिफारस लागते. फॉर्मवर माझी सही घेऊन जा, मी सकाळी दहापर्यंत घरीच असतो. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक वाचनालयाची वेगळी, आणि दुपारी बरेच जण बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचार. पहिलं पुस्तक कुठलं आणलंस ते कळव. मी मत देणार नाही, फक्त मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कधीचा आहे ते सांग.

तुझा,
काका
नागपूर