‘नकारात्मक प्रबलन’ म्हणजे शिक्षा नव्हे

हिंगोली जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेला भिणाऱ्या लेकराला आईने घरी ठेवून घेतले, तर या घरी ठेवण्याला प्रशिक्षणात ‘नकारात्मक प्रबलन’ का म्हटले गेले. लेकराला शिक्षा तर कोणीच केली नव्हती.

नव्हतीच. या दोन गोष्टी एकच मानण्याची चूक पालकसभेतील भाषणांपासून परीक्षेच्या गाईडांपर्यंत इतकी पसरली आहे की ऐकून संताप येतो. प्रबलनाने वर्तन बळावते, शिक्षेने ते घटते. ‘नकारात्मक’ म्हणजे येथे वाईट नव्हे, वजा : नकोशी गोष्ट दूर झाली आणि म्हणून त्याआधीचे वर्तन पुन्हा पुन्हा होऊ लागले. चाचणीच्या दिवशी दप्तर भरता भरता लेकरू पोट धरून बसते, आई ‘आजच्या दिवस राहू दे’ म्हणते, आणि शाळा भरून गेली की तेच लेकरू अंगणात गोट्या मांडते. त्याची पोटदुखी खोटी नसते. भीती सरली म्हणून ती थांबते आणि टाळले की सुटका होते, एवढे त्याच्या मनात पक्के बसते. भीती साहचर्याने, म्हणजे दोन गोष्टी एकत्र अनुभवल्याने जडते, टाळाटाळ मात्र सुटकेवर पोसली जाते, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ मौरर यांनी १९४७ मध्येच केली होती. गोंधळाला प्रबलनाचा सिद्धांत मांडणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर स्वतःही काही अंशी जबाबदार आहेत, कारण १९३८ च्या ग्रंथात त्यांनी ही संज्ञा शिक्षेच्या जवळच्या अर्थाने वापरली. पण १९५३ च्या ग्रंथात त्यांनी आजचा अर्थ घेतला, तेव्हा आता ती सबब चालणार नाही.

माझा खरा आक्षेप लेकराच्या अशा भयाला लावल्या जाणाऱ्या ‘अँग्झायटी’ या संज्ञेसाठी ‘चिंता’ रूढ करणाऱ्या परिभाषाकारांवर आहे. चिंता ‘चिंत्’ या धातूची, म्हणजे विचाराची लेक. सहा वर्षांच्या मुलाचे भय मात्र विचारात नव्हे, पोटात आणि घशात असते. ‘अँग्झायटी’च्या मुळाशी लॅटिन ‘अंगेरे’ म्हणजे आवळणे आहे, आणि त्याच कुळातले वैदिक ‘अंहु’ म्हणजे अरुंद व ‘अंहस्’ म्हणजे क्लेश. मराठीने वेगळ्या धातूवरून नेमकी हीच वाट धरली : संस्कृत ‘संकट’चा एक मूळ अर्थ अरुंद, प्राकृतात ‘संकड’, जुन्या मराठीत ‘सांकडा’ म्हणजे चिंचोळा आणि ‘सांकडे’ म्हणजे अडचण. तुळजाभवानीला साकडे घालणारी बाई आपली कोंडी देवीपुढे ठेवते. वर्तमानपत्रांनी ‘मंत्र्यांना साकडे’ छापून छापून या शब्दाचे निवेदन करून टाकले आहे, ते मला मुळीच मान्य नाही. या साकड्यातून बाहेर पडलेला जीव ‘मोकळा’ होतो, आणि तो शब्द ‘मुक्त’च्याच घरचा.

टाळाटाळीला बळ देते ते हे मोकळे होणेच, म्हणून ‘नकारात्मक प्रबलन’ टाकून ‘सुटका-प्रबलन’ म्हणावे, असे मी आग्रहाने सांगतो. शिक्षेचा वासही त्याला लागणार नाही. बाईंनी पालकांशी बोलताना हाच शब्द वापरावा आणि मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांचा १९२४ चा प्रयोगही सांगावा : सशाला भिणारा लहानगा पीटर आवडीचे खात असताना ससा रोज थोडा थोडा जवळ आणला गेला, आणि शेवटी पीटर त्याला हात लावू लागला. शाळेच्या बाबतीतही पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, मग प्रार्थनेपुरते, मग एका तासापुरते, असे जाता येते.