पहिल्यांदा ऐकताना दिवा घालव

ठाणे-वाशी लोकलमध्ये हा ट्रिप-हॉपचा, म्हणजे संथ ठेक्याच्या, खोल बासच्या संगीताचा अल्बम अजिबात लावू नकोस. या संगीताचा जीव खर्जात, साधारण ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि गाडीचा खडखडाट आधी तोच गिळतो. मोबाइलच्या स्पीकरमधून तर तो जवळपास येतच नाही. रात्री घर निजलं, खालचे हॉर्न थांबले, की कान झाकणारे हेडफोन लाव.

सलग ऐक, गाणी पुढेमागे करू नकोस. शब्दांच्या मागेही लगेच लागू नकोस. गायिका गात नाही, नुसती पुटपुटते असं वाटेल. पण तिचा श्वास ऐक, ओळ तालाच्या किंचित मागे कशी सोडते ते ऐक. ही जॅझची सवय. बैठकीची लावणी ऐकली असशील तर चटकन कळेल: बसल्या जागी एकच ओळ वेगवेगळ्या अदांनी खुलवायची, शृंगार त्या थांबण्यात असतो.

दुसऱ्या फेरीत फक्त बास, म्हणजे तो खर्ज ऐक. गाण्यांमधली कविता तिसऱ्या फेरीत, शब्द समोर ठेवून.

मध्येच सुईची खरखर आली तर फाइल बिघडली समजू नकोस. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या ट्रिप-हॉपवाल्या मंडळींनी जुन्या तबकड्यांचे तुकडे संथ ठेक्यावर बसवले, तेव्हापासून ही खरखर मुद्दाम ठेवतात. मला ती फार प्रिय आहे, विशेषतः येऊरवर पाऊस उतरलेला असताना.