पंचनामा कोण लिहितंय, ते आधी बघा

तुमचे प्रश्न दोन आहेत. नेदरलँड्समधल्या हेगच्या अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शेल या तेल कंपनीविरुद्धचा आदेश रद्द केला, मग अशा कंपन्यांना कोर्टात खेचण्यात आता काही अर्थ उरलाय का? आणि नव्या तेलवाहिनीच्या मार्गातल्या गावांसोबत काम सुरू करताना आधी काय हाती घ्यायचं? पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो, दुसऱ्याचं सविस्तर.

बातम्यांवरून वाटला तेवढा तो निकाल वाईट नाही. शेलने २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करावं, असं खालच्या न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं होतं. अपिलात तो आकडा गेला. पण उत्सर्जन घटवणं हे कंपनीचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याला मानवी हक्कांचा आधार आहे, हे कायम राहिलं. नव्या तेल-वायू क्षेत्रांत पैसा ओतणं या कर्तव्याशी विसंगत ठरू शकतं, असंही न्यायालयाने म्हटलं. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या हॅमच्या न्यायालयातही असंच झालं. तापमानवाढीने हिमनदी वितळून भरणाऱ्या तळ्यामुळे घराला पुराचा धोका आहे म्हणून पेरूतल्या एका शेतकऱ्याने आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला होता. त्याच्या घरापुरता धोका पुरेसा सिद्ध झाला नाही, दावा गेला. पण हजारो किलोमीटर दूरच्या मोठ्या उत्सर्जकालाही तत्त्वतः जबाबदार धरता येतं, हे न्यायालयाने मान्य केलं. तेव्हा दार बंद झालेलं नाही.

मात्र तुमच्या गावांपुढे हा प्रश्न उद्याचा आहे. आज त्यांची जमीन, विहिरी आणि जिवाची सुरक्षितता पणाला लागली आहे. त्यासाठी बोडोचं प्रकरण बारकाईने वाचा.

बोडो हे नायजेरियातल्या ओगोनी भागातलं खाडीकाठचं गाव, मासेमारीवर जगणारं. २००८ मध्ये तिथे शेलच्या उपकंपनीची तेलवाहिनी फुटली. गावकरी सांगत होते, तेल २८ ऑगस्टपासून वाहतंय. कंपनीच्या नोंदीत सुरुवात ५ ऑक्टोबरला. गळती थांबली ७ नोव्हेंबरला. कंपनीच्या पंचनाम्यानुसार एकूण गेलं १,६४० पिंपं तेल. नंतर स्वतंत्र तज्ज्ञांनी गळतीचं चित्रीकरण पाहून हिशोब मांडला, तेव्हा अंदाज निघाला दिवसाला १,४४० ते ४,३२० पिंपांचा. म्हणजे कंपनी जे सगळं मिळून सांगत होती, ते जवळपास एका दिवसाचं होतं. २००९ मध्ये गावापुढे ४,००० पौंड आणि तांदूळ, घेवड्याची पोती ठेवली गेली. गावाने ती नाकारली आणि लंडनमध्ये दावा लावला. शेवटी पंचनाम्यातला आकडा कमी होता हे कंपनीला मान्य करावं लागलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये ५.५ कोटी पौंडांवर तडजोड झाली. त्यातले ३.५ कोटी १५,६०० लोकांत वाटले गेले, २ कोटी गावाला मिळाले.

गळती कधी सुरू झाली आणि किती झाली, या दोन नोंदींवर सगळं फिरलं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की वकील शोधण्याच्याही आधी प्रत्येक गावात अशा नोंदींची एक वही सुरू करा. विहिरींच्या पाण्याची तपासणी काम सुरू होण्याआधी करून घ्या. नंतरच्या तपासणीला ‘हे आधीपासूनच असं होतं’ हे उत्तर ठरलेलं असतं. मी एका गावाची कागदपत्रं लावत होतो, तेव्हा माझ्यासमोर दोनशेच्या वर फोटो आले. करपलेलं पीक, तेलकट पाणी, सगळं होतं, पण एकावरही तारीख नाही, जागा नाही, कुणी काढला ते नाही. मोबाइलवरून मोबाइलवर फिरत आलेले फोटो होते, मूळ प्रती कुणाकडेच उरल्या नव्हत्या. त्यातला एकही आम्हाला वापरता आला नाही. तेव्हा मूळ प्रती जपा, आणि कंपनीचा माणूस पंचनाम्याला आला तर गावाचा पंचनामा त्याच दिवशी वेगळा लिहा.

भूसंपादनात ठरावीक तारखेकडे नीट लक्ष ठेवा. मोजणी झाली की एक तारीख जाहीर होते. त्यानंतर लावलेल्या झाडाची, बांधलेल्या घराची भरपाई नाही. युगांडातल्या होइमापासून टांझानियाच्या टांगा बंदरापर्यंतच्या १,४४३ किलोमीटरच्या तेलवाहिनीत हेच घडलं. तारीख पडली, पैसे मात्र अनेकांना काही वर्षांनी मिळाले. मधल्या काळात लोकांनी कॉफी-केळी लावणं थांबवलं, कारण जमीन आपली राहिली की नाही हेच कळेना. सही कुठल्या भाषेतल्या कागदावर झाली, तो आधी वाचून दाखवला का, तेही वहीत लिहा.

मग प्रश्न येतो, दावा कुणावर? स्थानिक उपकंपनीच्या नावावर बऱ्याचदा फारसं काही नसतं. मूळ कंपनी ‘ते वेगळं आहे’ म्हणून हात झटकते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये झांबियातल्या तांब्याच्या खाणीच्या प्रकरणात आणि २०२१ मध्ये ओगोनींच्याच दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की उपकंपनीचा कारभार प्रत्यक्षात मूळ कंपनी किती चालवते, ते पाहिलं पाहिजे. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांवर दक्षतेचं कायदेशीर बंधन आहे. पण मी वर सांगितलेल्या तेलवाहिनीबाबतचा टोटालएनर्जीज या फ्रेंच तेल कंपनीविरुद्धचा दावा फेब्रुवारी २०२३ मध्ये निव्वळ प्रक्रियेवर अडकला. २०१९ च्या नोटिशीत मांडलेल्या तक्रारी आणि नंतर कोर्टात मांडलेल्या मागण्या फार वेगळ्या आहेत, असं म्हणत तो दाखल करून घेतला नाही. चार वर्षं गेली. पहिली नोटीस घाईत लिहू नका.

कर्ज देणाऱ्यांकडेही बघा. कच्छमधल्या मुंद्र्याच्या कोळशाच्या वीजप्रकल्पाला आयएफसीने, म्हणजे जागतिक बँक गटातल्या खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेने, ४५ कोटी डॉलर कर्ज दिलं होतं. तिथल्या मच्छीमारांनी आयएफसीच्याच तक्रार यंत्रणेकडे दाद मागितली, तिने त्रुटी दाखवल्या, तरी फारसं हललं नाही, म्हणून ते अमेरिकेत कोर्टात गेले. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आयएफसीला खटल्यांपासून सरसकट संरक्षण नाही असा निकाल दिला. पुढे घटना भारतातली म्हणून दावा फेटाळला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. पण कर्जाचे पैसे कंपनीच्या हाती पडण्याआधी केलेल्या तक्रारीची किंमत नंतरच्या तक्रारीपेक्षा कितीतरी जास्त असते. बँका आणि विमा कंपन्या कोण आहेत, याची यादी आत्ताच काढा.

कंपनी विकून निघून जाईल, हीही शक्यता धरून चाला. शेलने मार्च २०२५ मध्ये आपली नायजेरियातली जमिनीवरच्या तेलाची उपकंपनी विकून टाकली, गळतीची सफाई अजून अर्धवट असताना. म्हणून सफाईचा खर्च सुरुवातीलाच वेगळा ठेवायची अट परवान्यात घालायला सरकारकडे मागणी करा.

आणि बोलणाऱ्या माणसांना जपा. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने एका तेलवाहिनी कंपनीने आंदोलनावरून लावलेल्या दाव्यात ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेविरुद्ध ६६ कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली. नंतर न्यायाधीशाने ती जवळपास निम्म्यावर आणली. एवढ्या मोठ्या संघटनेवर हे येऊ शकतं, तर गावातल्या एकट्या माणसाचं काय होईल? वहीची एक प्रत गावाबाहेर ठेवा, आणि कुणाचंही नाव त्याला विचारल्याशिवाय कुठल्याही पत्रात घालू नका. पहिल्या बैठकीत कोण पुढे येऊन बोलायला तयार आहे आणि कोण नाही, एवढं ठरलं तरी चालेल. वही दुसऱ्या दिवशी सुरू करता येते.