आई वरच्या सज्ज्यात, मुलगा खाली

माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मूल स्वमग्न आहे, किंवा त्याला बौद्धिक अक्षमता आहे. शाळा आणि थेरपीचं कसंबसं मार्गी लागलंय. पण लग्नकार्य, सणवार, समाजाचे मेळावे इथे त्याला न्यायचं की नाही? नेलं तर चारचौघांत तमाशा होतो. न नेलं तर घरातलं एक माणूस कायम त्याच्यासोबत मागे राहतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा आईच असते. समाज जितका लहान तितकी ही धास्ती मोठी, कारण तिथे गर्दीत हरवून जायची सोय नसते.

एका बेने इस्रायल कुटुंबाचा अनुभव सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू. घरची भाषा मराठी. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावं त्यांच्या गावांवरून पडली. 1948 नंतर बहुतेक घरं टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेली. 2011 च्या जनगणनेत ज्यू म्हणून नोंद झालेले लोक साऱ्या देशात पाच हजारांच्या आतच होते. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. माझ्यासमोर बसलेल्या आईला मात्र तिच्या स्वतःच्या समाजातच आपण अल्पसंख्य झालोय असं वाटत होतं.

“मॅडम, आमच्यात कुणाच्या घरी काय शिजलं तेही सगळ्यांना कळतं,” ती म्हणाली. “हा चार वर्षांचा होता तेव्हापासून प्रत्येकाने एकेक उपाय सांगून झालाय. आता तेरावं वर्ष जवळ आलंय.”

तेरावं वर्ष पूर्ण झालं की ज्यू मुलगा धर्माच्या दृष्टीने सज्ञान होतो, त्याला बार मित्झवा म्हणतात. त्या निमित्ताने त्याला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, तोरा या पवित्र ग्रंथाच्या वाचनासाठी पुकारतात. हा मुलगा बोलायचा, पण स्वतःचे शब्द मोजके. ऐकलेलं वाक्य मात्र जसंच्या तसं, त्याच हेलात परत म्हणायचा. सासूबाईंचा हट्ट होता की नातवाचा बार मित्झवा मशिदीतच झाला पाहिजे (जुनी माणसं सिनेगॉगला अजून मशीदच म्हणतात). आणि समाजातल्या एका जाणत्या बाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “घरीच मलिदा करून टाका. त्यालाही त्रास नको, लोकांनाही नको.”

मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करायचा आभाराचा विधी. ताटात गोड पोहे, खोबरं, सुकामेवा, फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा नावाचं ठिकाण आहे. त्यांच्या रथाच्या खुणा तिथल्या खडकावर उमटल्या अशी श्रद्धा, म्हणून लोक नवस फेडायला तिथे जातात. सल्ला देणाऱ्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण अशा गोड सल्ल्यानेच मुलं घरी बसतात. भांडून हाकललं तर आईबाप निदान चिडून उठतात तरी. “त्यालाच त्रास” म्हटलं की आई गप्प होते.

मी विचारलं, तो नेमका कधी बिथरतो? तिच्याकडे यादी तयार होती. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, शोफार (मेंढ्याचं शिंग) फुंकतात तेव्हा. पुरिमच्या सणाला गोष्टीतल्या दुष्ट हामानाचं नाव आलं की सगळे पाय आपटतात, ओरडतात तेव्हा. पंखा खडखडत असेल तर. कुणी कौतुकाने गाल ओढले तर.

“अशा वेळी त्याच्याजवळ कोण असतं?”

“हे असतात.”

“आणि तुम्ही?”

“मी वर. बायका सज्ज्यात बसतात ना.”

गुंता इथे होता, आणि त्यांच्या घरात कुणी त्याकडे अडचण म्हणून बघितलंच नव्हतं. बारा वर्षं या मुलाला हाताळलं ते आईने. कुठला आवाज सोसतो, कुठला नाही, चिडायच्या आधी बोटं कशी वळवतो, हे फक्त तिला ठाऊक. आणि ज्या दोन तासांत त्याला सगळ्यात जास्त आधार लागतो, त्या दोन तासांत ती लाकडी कठड्याच्या मागून खाली नुसती बघत बसणार. खाली वडील, ज्यांनी मुलाला एकट्याने कधी तासभरही सांभाळलं नव्हतं. मी हे ऑर्थोडॉक्स पद्धतीच्या सिनेगॉगबद्दल लिहितेय, पण बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात तिथे सगळीकडेच हे होतं. ती बसायची पद्धत बदलायला सांगणं माझं काम नव्हतं. म्हणून पुढची बोलणी वडिलांशी झाली.

वडील अबोल, शिफ्टच्या नोकरीतले. पहिल्यांदा आले ते बायकोने पाठवलं म्हणून. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तो ओरडला की मी त्याच्याकडे बघतच नाही. कोण कोण वळून बघतंय तेच बघतो.” इतकं खरं बोलणारा माणूस पुढे पटकन शिकतो, असा माझा अनुभव आहे. त्यांच्यासाठी दोनच गोष्टी ठरवल्या. आवाज झाला की आधी मुलाच्या हातांकडे बघायचं. आणि शेजाऱ्याला सांगायला एक वाक्य तयार ठेवायचं, “त्याला आवाज जास्त झालाय, पाच मिनिटांत येतो.” माफी मागायची नाही, कारण समजावत बसायचं नाही. रोज रात्रीचं फिरणं त्यांच्याकडे दिलं, आई सोबत नसताना.

मग सिनेगॉगला जायची सवय. इथे आम्ही शेवटापासून सुरुवात केली. बहुतेक पालक मुलाला सुरुवातीपासून बसवतात. तासाभरात ते दमतं, चिडतं, त्याला उचलून बाहेर आणावं लागतं आणि त्या जागेची आठवण म्हणून तेवढंच मनात राहतं. शनिवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर किद्दूश, म्हणजे पेल्यावर म्हणायचा आशीर्वाद, असतो. बेने इस्रायल घरांत त्यासाठी काळ्या मनुका भिजत घालून सरबत करतात, आणि ते या मुलाच्या भारी आवडीचं. म्हणून वडील त्याला अगदी शेवटी घेऊन जायचे. प्रार्थनेचा शेवट, सरबताचा पेला, घर. ते जमल्यावर थोडं आधी, मग आणखी थोडं आधी. वर बसलेल्या आईला सक्त सूचना होती: कठड्यावरून खुणा करायच्या नाहीत. तिला ते फार जड गेलं.

मुलाला एक कामही दिलं. प्रार्थना संपली की पुस्तकं गोळा करून कपाटात लावायची. तो ती उंचीप्रमाणे लावतो, एकही बाहेर डोकावत नाही. लोक आता पुस्तक बाकावर न ठेवता हातात धरून त्याची वाट बघतात. समावेशनावर भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. माझं मत विचाराल तर ज्या मुलाला त्या जागेत काही काम आहे त्याच्याकडे लोक दयेने बघायचं थांबवतात, आणि दया थांबली की घरच्यांना श्वास घेता येतो.

हझान म्हणजे प्रार्थना चालवणारे. ते आणि दोन ज्येष्ठ पुरुष यांच्याशी मी एकदा बोलले. स्वमग्नतेवर व्याख्यान दिलं नाही. एक कागद दिला. त्याला काय आवडतं, चिडायच्या आधी काय दिसतं, तेव्हा काय करायचं, काय नाही. मागून हात लावू नका, सगळ्यांनी एकदम हाका मारू नका, रडला तर गोळी-चॉकलेट पुढे करू नका. त्यातल्या एकांनी विचारलं, मग हात बोशीचं काय? ही त्यांची सुंदर रीत आहे: एकजण दुसऱ्याचे हात आपल्या हातांत घेतो, मग स्वतःची बोटं ओठांना लावतो, आणि तसाच तो स्पर्श पुढच्या माणसाकडे जातो. मला वाटलं होतं हे त्याला सोसणार नाही. वडील हसून म्हणाले, तेवढं तो करतो. खरंच करतो. स्पर्श कुठून येणार, किती वेळ राहणार आणि नंतर काय होणार हे आधीपासून ठरलेलं असेल तर अशा अनेक मुलांना तो चालतो. अंगावर येतो तो अचानक झालेला लाड.

आता मुख्य प्रश्न, बार मित्झवाचा. आईवडिलांची एक गैरसमजूत हझाननी पहिल्या पाच मिनिटांत दूर केली. मुलगा तेरा वर्षांचा झाला की आपोआप बार मित्झवा होतो. समारंभ झाला नाही म्हणून तो अडत नाही. तोरासमोर जे म्हणायचं ते म्हणजे वाचनाच्या आधीचा आणि नंतरचा छोटा आशीर्वाद. प्रत्यक्ष वाचन दुसऱ्याने केलं तरी चालतं. पण समज कमी असलेल्याला पुकारायचं का, याला धर्मशास्त्राची बाजू आहे. बेने इस्रायलांत पूर्वापार स्वतःचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते, त्यामुळे प्रश्न इस्रायलमधल्या एका रब्बींना फोनवर विचारला गेला. त्यांनी उलट प्रश्न केला: आपण कुणासमोर उभे आहोत हे त्याला कळतं का? आजीने फोनवर तावातावाने सांगितलं की हा रोज झोपताना डोळ्यांवर हात ठेवून ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणतो, आणि कुणी विसरलं तर त्याचाही हात उचलून त्याच्या डोळ्यांवर ठेवतो. रब्बी म्हणाले, पुकारा.

दिवस कुठला ते ठरवताना मला खूप शिकायला मिळालं. शनिवारी सकाळी गर्दी, प्रार्थना लांब, सात जणांना पुकारतात. सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही तोरा वाचतात. तिघांनाच पुकारतात, गर्दी नसते. मी तिकडे झुकले होते. पण आठवड्याच्या दिवशी तेफिलीन बांधावे लागतात, म्हणजे दंडावर आणि डोक्यावर चामड्याचे पट्टे. या मुलाला मनगटावर घड्याळाचा पट्टा सोसत नाही. मार्ग हझाननी काढला: शनिवारी दुपारच्या प्रार्थनेत, मिन्हात, तोरा वाचतात, तेव्हाही तिघेच, वाचन छोटं, आणि शाबाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, असल्यामुळे तेफिलीन नाहीत. अशी वाट परंपरेतच असते, फक्त ती आतल्या माणसाला विचारावी लागते. थेरपिस्टने बाहेरून सुचवलेल्या सवलतीपेक्षा ती लोकांना लवकर पचते.

आजी नाराज. शाबाथला फोटो नाहीत, व्हिडिओ नाही. इस्रायलमधल्या अश्दोदच्या लेकीने बघायचं कसं? त्यावर तोडगा निघाला, रविवारी घरी मलिदा, तेव्हा काय हवे ते फोटो.

आशीर्वाद हझाननी आधी एकेका तुकड्यात ध्वनिमुद्रित करून दिले होते. मुलाची ऐकलेलं परत म्हणायची सवय शाळेत मोडायला बघत होते. इथे तीच कामी आली. त्या दुपारी पेटीतला सेफेर तोरा (तोराची गुंडाळी) हेखालातून, म्हणजे ती ठेवायच्या कपाटातून, तेबावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, आणताना वरची चांदीची घुंगरं वाजली. हा आवाज त्याला आवडतो. हझान एक तुकडा म्हणत, मुलगा तो म्हणे, हझानच्याच आवाजात, त्यांच्या खाकरण्यासकट. खाकरणं आलं तेव्हा पुढच्या बाकावरचे दोघे हसले. वडिलांनी मुलाच्या हातांकडे बघितलं, ठीक होते. दुसरा आशीर्वाद त्याने अर्धाच म्हटला आणि खाली उतरला. उरलेला हझाननी पुरा केला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. शोफारच्या वेळी तो आणि वडील आधीच बाहेर पडतात. पुढच्या रांगेतले एक काका हात वर करून वेळ झाल्याचं सांगतात. पुरिमला हे कुटुंब जातच नाही, आणि न जाणं हाही सरळ निर्णय असू शकतो. सल्ला देणाऱ्या त्या बाई आता आणखी दोघींबरोबर पाळीपाळीने आठवड्यातली एक संध्याकाळ मुलाजवळ बसतात, म्हणजे आईला बाहेर पडता येतं. त्यांना मी तसं थेट सुचवलं होतं. लोक मदत करत नाहीत याचं अर्ध कारण हे की नेमकं काय करायचं ते त्यांना कुणी सांगत नाही.

“आमच्यानंतर कोण?” हा प्रश्न या आईचाही होताच, नातेवाईक इस्रायलमध्ये, इथे मोजकी घरं. त्यातला कागदांचा भाग तरी आपल्या हातात असतो. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, आणि मुलगा अठरा वर्षांचा झाला की जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व. अठरानंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. इस्रायलला जायचं की नाही, यावर मी मत दिलेलं नाही.

सध्या ते कुटुंब येतं ते धाकट्या मुलीसाठी. ती नऊ वर्षांची आहे आणि भयंकर चिडलेली. समाजात सगळे दादाचं नाव घेतात, त्याने पुस्तकं लावली तर टाळ्या. तिने अख्खी प्रार्थना न चुकता पाठ म्हटली तर कुणी मान वर करून बघत नाही. तिचं म्हणणं मला पटतं. तिची वेळ मी वेगळी ठेवली आहे, आणि तिच्या अटीप्रमाणे त्या वेळी दादाचा विषय निघत नाही.