कॉर्नफ्लोअरचा कॉर्नब्रेड होत नाही: अमेरिकन घरगुती पदार्थांची प्रश्नोत्तरे

मॅक अँड चीज, मीटलोफ (खिम्याचा पावाच्या आकाराचा, ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ), कॉर्नब्रेड, पॅनकेक. अमेरिकेत ज्यांना 'कम्फर्ट फूड' म्हणतात त्या पदार्थांविषयी पत्रं येतात तेव्हा पदार्थ बदलतो, घोळ तोच राहतो: पुडीवरचं नाव न वाचणं, कपाऐवजी चहाचा कप घेणं, आणि शिजलं की नाही हे नजरेनं ठरवणं. म्हणून आधीच सांगून ठेवते. खालच्या सगळ्या मापांत कप २४० मिलिलिटरचा आणि चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा, सपाट भरलेला.

कॉर्नब्रेड दोनदा केला. दोन्ही वेळा खाली रबरासारखा थर आणि वर चिकट. कॉर्नफ्लोअर चांगल्या कंपनीचं होतं. (नाशिक)

कंपनीचा दोष नाही. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून जे पांढरंशुभ्र मिळतं तो मक्याचा स्टार्च. मंच्युरियनच्या रश्शाला दाटपणा आणायला तो ठीक. पण गरम झाला की पाणी ओढून त्याची खळ होते, तुमच्या भांड्यात तेच झालं. अमेरिकन कृतीत 'कॉर्नमील' असतं, म्हणजे वाळलेल्या मक्याची रवाळ भरड. दुकानात 'मक्याचा रवा' मागा. फार जाडा असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवा, किंवा अर्धा रवा आणि अर्धं भाकरीचं मक्याचं पीठ घ्या.

२०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम मैदा, २ चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, पाऊण चमचा मीठ कोरडंच एकत्र करा. वेगळ्या भांड्यात २ अंडी आणि ३५० मिलिलिटर बटरमिल्क (त्याचा खुलासा पुढच्या उत्तरात). ओव्हन २२० अंशांवर तापवताना त्यातच २३-२५ सेंटीमीटरची बिडाची कढई किंवा खोल तवा ठेवा. तापला की ५० ग्रॅम लोणी घाला, वितळू द्या, त्यातलं बरंचसं मिश्रणात ओता, बाकी तळाला राहू द्या. मिश्रण ओतताना चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर कढई पुरेशी तापलेली नाही, आणि खालची खरपूस कड विसरा. २० ते २२ मिनिटं. मिश्रण फेटत बसू नका. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, नाहीतर मैदा चिवट होतो.

साखर घालायची का, यावर अमेरिकेत उत्तर-दक्षिण वाद आहे. दक्षिणेत पांढऱ्या मक्याचा, बिनसाखरेचा, मैदा नसलेला किंवा नावापुरता. उत्तरेत पिवळ्या मक्याचा, गोडसर आणि मैदा घातलेला. मक्याची भाकर तिथल्या मूलनिवासींची. युरोपीय लोक तिथे गेल्यावर ती खायला शिकले. वरची कृती या दोन्हींच्या मधली आहे, हवी तर २ मोठे चमचे साखर घाला.

मैदा पूर्ण वगळून हा 'ग्लुटेन नसलेला' ब्रेड म्हणून सीलिअॅकच्या (ज्यात गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही त्या आजाराच्या) रुग्णाला देणार असाल तर थांबा. गिरणीत तुमच्या मक्याआधी कुणाचा गहू दळला गेला, हे तुम्हाला ठाऊक नसतं. बंद पुडीवर 'ग्लुटेन फ्री' छापलेलं पाहा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

बटरमिल्क म्हणजे आपलं ताकच ना?

नाही. अमेरिकेतलं बटरमिल्क विरजण लावून केलेलं, दाट आणि आंबट असतं. १८० ग्रॅम आंबट दही ६० मिलिलिटर दुधात घुसळा, एक कप तयार. पातळ ताक घातलंत तर पाणी जास्त होतं आणि आंबटपणा कमी पडतो.

पॅनकेकमध्ये बेकिंग पावडरऐवजी फ्रूट सॉल्ट चालतं, असं एका व्हिडिओत पाहिलं.

फुगतात, पण पहिले दोनच. त्यातला सोडा आणि आम्ल ओलं होताच एकमेकांवर तुटून पडतात. पाचवा पॅनकेक तव्यावर जाईपर्यंत हवा गेलेली असते. बेकिंग पावडरीतलं काही आम्ल उष्णता लागल्यावर काम करतं, म्हणून तिचं पीठ धीर धरतं. शिवाय फ्रूट सॉल्ट हे औषध म्हणून विकलं जातं आणि त्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी व्हिडिओवाल्याला नाही, डॉक्टरांना विचारावं.

मॅक अँड चीजचा सॉस नेहमी दाणेदार होतो आणि वर तेल सुटतं. चीज महागातलं चेडर आणते. (ठाणे)

महाग आणि मुरलेलं चेडर आहे म्हणूनच. चीज जितकं मुरलेलं तितकी त्यातली प्रथिनं तुटलेली, आणि जास्त आचेवर ती आकसून स्निग्धांश बाहेर ढकलतात. सॉस उकळत असताना चीज टाकत असाल तर हे होणारच.

२५० ग्रॅम एल्बो मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवा. ४० ग्रॅम लोण्यात ४० ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता; कच्चा वास गेला पाहिजे, रंग बदलता कामा नये. ६०० मिलिलिटर दूध थोडं थोडं घालत ढवळा आणि एक उकळी येऊ द्या. पळीच्या मागच्या बाजूवर बोट ओढलं की रेघ टिकली पाहिजे. मग गॅस बंद. दोन-तीन मिनिटं थांबा आणि मगच २५० ग्रॅम किसलेलं चीज मूठ-मूठ घाला. अर्धा चमचा मोहरीची पूड आणि मीठ शेवटी, चव घेऊन. ओव्हनमध्ये भाजणार असाल तर सॉस हवा त्यापेक्षा पातळ ठेवा, कारण मॅकरोनी तो पिऊन घेते. १९० अंशांवर २० मिनिटं पुरतात.

चीज स्वतः किसा. किसलेल्या चीजच्या पाकिटात किस एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. त्याचे पैसे तुम्ही चीजच्या भावानं मोजता आणि सॉस पिठूळ होतो तो वेगळाच. खात्रीचा उपाय हवा असेल तर २५० पैकी ५० ग्रॅम प्रोसेस्ड चीज घाला. त्यातले क्षार स्निग्धांश धरून ठेवतात. हेच काम सोडियम सायट्रेट करतं, पण ते म्हणजे लिंबूसत्त्व नव्हे! लिंबूसत्त्व घातलंत तर दूध फाटेल.

मॅक अँड चीज अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यानं शोधून काढलं, हे खरं का?

नाही. मॅकरोनी आणि पार्मेझानची कृती इंग्लंडमध्ये एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या पुस्तकात १७६९ मध्येच छापलेली आहे. जेफरसनच्या घरी स्वयंपाक करणारा जेम्स हेमिंग्ज हा त्याचा गुलाम होता. १७८४ मध्ये जेफरसननं त्याला पॅरिसला नेऊन तिथे फ्रेंच पाककला शिकवून घेतली आणि मुक्त केलं ते १७९६ मध्ये. मालकाच्या नावावर खपणाऱ्या गोष्टीत स्वयंपाक्याचं नाव गळतं, एवढंच. डब्यातलं मॅक अँड चीज घरोघरी पोचलं ते १९३७ नंतर, मंदीच्या काळात: क्राफ्टचं चार माणसांचं जेवण १९ सेंटमध्ये.

चॉकलेट चिप कुकीचा शोध चुकून लागला म्हणतात. आणि माझ्या चिप्स वितळत का नाहीत?

चुकून वगैरे काही नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी टोल हाउस इन चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड गृहशास्त्र शिकलेल्या, मुरलेल्या पाककर्त्या होत्या. त्यांची कृती १९३८ मध्ये छापली गेली. 'अचानक चॉकलेट वितळेना' ही कथा जाहिरातीला बरी.

चिप्सचं उत्तर पाकिटाच्या मागे आहे. घटकांत कोको बटरऐवजी वनस्पती तूप किंवा हायड्रोजनेटेड तेल दिसलं तर ते 'कम्पाउंड' आहे. समोर चॉकलेटचं चित्र मोठं आणि मागे खरं नाव बारीक अक्षरांत, ही युक्ती जुनीच. कोको बटर असलेला बार आणा आणि सुरीनं तुकडे करा.

मीटलोफ कापला तेव्हा आत गुलाबी नव्हता, म्हणजे शिजला ना? राहिलेला रात्रभर ओट्यावर राहिला. वास येत नाही, सकाळी नीट गरम करून मुलांना डब्यात देऊ का? (डोंबिवली)

डब्यात देऊ नका, टाकून द्या. आता नीट वाचा.

अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात आणि तव्याला लागताच मरतात. खिमा करताना तीच बाहेरची बाजू दळून आत मिसळली जाते. म्हणून खिम्याच्या प्रत्येक पदार्थाचा मधला भाग तापला पाहिजे: मटण, बीफ, पोर्क ७१ अंश, चिकन ७४ अंश. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धकच्च्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ पसरला आणि चार मुलं दगावली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारनं बीफच्या खिम्यात हा जंतू असणं बेकायदा ठरवलं. रंगावर विसंबू नका. खिमा ७१ अंशांच्या आधीच तपकिरी होऊ शकतो, आणि उलट कांदा किंवा सेलरी घातलेला लोफ पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकतो. सुरी टोचून 'पाणी स्वच्छ आलं' हेही मोजमाप नाही.

सुईचा थर्मामीटर घ्या. उकळत्या पाण्यात धरून तपासा: मुंबईत १०० दाखवायला हवा, पुण्यात उंचीमुळे साधारण ९८. सुई लोफच्या बरोबर मध्यात, भांड्याच्या तळाला न टेकवता.

लोफची कृती अशी: पावाचा १०० ग्रॅम ताजा चुरा १२० मिलिलिटर दुधात भिजवून घोटा, त्यात एक परतलेला कांदा, २ अंडी, १२ ग्रॅम मीठ, मिरपूड आणि १ किलो खिमा हलक्या हातानं मिसळा. मंदीत थोडं मांस पुरवून खाण्यासाठी घरोघर पावाचा चुरा घालत; आज तो घालायचा ते रस धरून ठेवतो म्हणून, वगळलात तर वीट होईल. टिनमध्ये दाबण्याऐवजी ट्रेवर हातानं आकार द्या, सुटलेली चरबी वाहून जाते. १७५ अंशांवर तासभर. शेवटची पंधरा मिनिटं वर केचप. वेळ अंदाज आहे, थर्मामीटर निकाल. कापण्याआधी दहा मिनिटं थांबा.

आता ओट्यावरचं. शिजवताना जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू टिकतात आणि अन्न सावकाश निवताना पुन्हा वाढीला लागतात. काही जंतूंचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. त्या विषाला वास नसतो, चव नसते. 'आमच्याकडे नेहमीच राहतं, काही झालं नाही' हे वाक्य दर दुसऱ्या पत्रात असतं. ज्यांना झालं त्यांना ते कशामुळे झालं हे कळलेलं नसतं. शिजलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि खोली ३२ अंशांच्या वर तापली असेल, जी तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये असतेच, तर एका तासात. 'पूर्ण गार होऊ दे मग ठेवते' ही वाट पाहणंच घात करतं. उथळ डब्यांत वाटून ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, गरम करताना पुन्हा ७४ अंश.

कुणी हा लोफ खाल्ला असेल आणि जुलाबात रक्त, सतत उलट्या किंवा ताप असेल तर घरच्या घरी जुलाब थांबवायच्या गोळ्या देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. मूल लहान, गरोदर बाई किंवा वृद्ध असेल तर लक्षणं वाढण्याची वाट पाहू नका.

पॅनकेक सिरप आणि मेपल सिरप एकच का?

नाही. पॅनकेक सिरप हे बहुतेकदा रंग-वास घातलेलं कॉर्न सिरप असतं. मेपल सिरप झाडाच्या रसाचं. साधारण ४० लिटर रस आटवून एक लिटर होतं, भाव त्याचा आहे. घटकांच्या यादीत एकच शब्द हवा. मधुमेह असेल तर दोन्ही साखरच, किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

चिकन नूडल सूप एकदम जास्त करून इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये बाटलीबंद करायचं आहे, कपाटात ठेवायला. किती मिनिटं? (न्यू जर्सी)

एकही नाही. चिकन सूपमध्ये आंबटपणा नसतो, म्हणून बॉट्युलिझमचे (जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जंतूचे) बीजाणू मारायला सुमारे ११६ अंश लागतात. घरगुती इलेक्ट्रिक कुकर बाटलीच्या मध्यापर्यंत तेवढी उष्णता पोचवतो याची खात्री देता येत नाही. नूडल्स किंवा मैदा घातलेलं सूप तर प्रेशर कॅनरमध्येही (बाटलीबंद करण्यासाठीच्या खास प्रेशर कुकरमध्येही) करू नये, असं अमेरिकी कृषी खात्याचंच सांगणं आहे. तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) एक्स्टेन्शन कार्यालयात, म्हणजे शेती आणि घरगुती अन्नाविषयी सल्ला देणाऱ्या कार्यालयात विचारा, ते याच कामाला बसलेले असतात. तोवर सूप नूडल्सशिवाय फ्रीझरमध्ये ठेवा, डबा वर दोन बोटं रिकामा ठेवून, आणि गरम करताना नूडल्स ताज्या शिजवा.