मिनेसोटातल्या लेक ऑफ द वुड्स तलावावर पहिल्यांदाच आइस फिशिंगला (गोठलेल्या तलावाच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायला) जाताना काय तयारी करावी?

सगळ्यात आधी बर्फाचं बघा, गळ आणि रॉडचं नंतर. चालायला निदान ४ इंच स्वच्छ, काळसर बर्फ लागतो, स्नोमोबिलला (बर्फावर चालणाऱ्या छोट्या गाडीला) ५ ते ७, आणि पांढरा भुसभुशीत बर्फ असेल तर हाच आकडा दुप्पट धरा. तलाव अवाढव्य आहे, एका ठिकाणी फूटभर जाड असला तरी जरा पुढे भेग असू शकते, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी तिथल्या रिसॉर्टवाल्यांना फोन करा आणि त्यांनी आखलेल्या रस्त्यावरूनच जा, प्लीज शॉर्टकट मारू नका. पायी चालताना हातात पहार ठेवा, पुढे ठोकत ठोकत जायचं, आणि आइस पिक्स (बर्फात रुतवून स्वतःला पाण्याबाहेर ओढायचे टोकदार दांडे) गळ्यातच अडकवा, बॅगेत ठेवले तर पाण्यात पडल्यावर काय उपयोग?

कपड्यांत कॉटन अजिबात नको, ओलं झालं की वाळत नाही. आत लोकरीचे थर, वर वारा अडवणारं जॅकेट, मोज्यांचा जास्तीचा जोड.

तंबूत हीटर लावणार असाल तर हवा खेळती ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म न्याच, हा वायू वासावरून कळत नाही.

मिनेसोटात हिवाळ्यात माणशी दोन गळ चालतात, एकाने जिगिंग करा, म्हणजे गळ वरखाली हलवत राहा, दुसऱ्याला जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) लावून तळापासून फूटभर वर सोडा. वॉलाय हा मासा बहुतेक सूर्य मावळायच्या सुमारास लागतो, त्यामुळे हेडलँप लागेलच. लायसन्स आधीच ऑनलाइन काढून ठेवा.