पल्लवीताईच्या बायोडेटातला रंगाचा रकाना

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. आत्यानं घरच्या ग्रुपवर टाकलेला पल्लवीताईचा लग्नाचा बायोडेटा तुझ्या रूममेटनं पाहिला. उंची, रक्तगट, रास, नाडी इथवर तिला गंमत वाटली. मग ‘रंग : गोरा’ दिसलं आणि तिनं विचारलं, हे कशाला? ती कृष्णवर्णीय अमेरिकन, त्यामुळे तू जास्तच अवघडलीस. “मराठी लोक असं का लिहितात, बाबा? मी तिला काय सांगू?” हे व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

लिहितात, कारण स्थळवाले विचारतात. आणि उत्तरंही ठरलेली आहेत : गोरा, निमगोरा, गव्हाळ, फार तर ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’. त्यातला ‘पण’ बघ. ‘काळी’ असं कोणी लिहीत नाही. ज्यांना ते लिहावं लागलं असतं ते रकानाच गाळतात, आणि गाळलेला रकाना पाहून समोरचे काय समजायचं ते समजतात. फोटोवाला न सांगता चेहरा उजळून देतो. याची सुरुवात बायोडेटाच्या कितीतरी आधी होते. पोटुशीला केशराचं दूध देतात, बाळ गोरं व्हावं म्हणून. बारशाला आलेल्या बायका पाळण्यात डोकावून आधी रंग कुणाचा घेतलाय ते बघतात. मुलगी उन्हात खेळायला निघाली की मागून हाक येते, “काळवंडशील गं!” मुलग्याला सहसा येत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं इंग्रजांनी शिकवलं. त्यात थोडं तथ्य आहे आणि सोय बरीच. उन्हात राबणारा कोण आणि माजघरात सावलीला बसणारी कोण, हा हिशेब आपल्याकडे साहेब यायच्या आधीपासून होता, आणि तो जातीला चिकटलेला होता. रंगावरून जात ओळखता येत नाही, हे आपल्याच घरातला कुठलाही ग्रुप फोटो काढून बघ, कळेल. तरीही “त्यांच्यातली असून गोरी आहे हो” हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या तोंडांतून ऐकलंय. या एका वाक्यात सगळं आलं.

आणखी एक तयार उत्तर आहे : “आमचा तर देवच काळा!” ते मात्र तिला देऊ नकोस. विठोबा काळा चालतो, सून चालत नाही, हे तीही दोन मिनिटांत ओळखेल.

आता तिची बाजू. तिच्याकडे हा प्रकार आवडीनिवडीपुरता राहिला नाही, तो कायद्यात बसवला गेला. १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला की मूल आईच्या स्थितीप्रमाणे गुलाम किंवा स्वतंत्र ठरेल. म्हणजे मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूल, दिसायला कितीही गोरं असो, गुलामच. तिथे रंग हे निमित्त होतं, मालकी हा मुद्दा होता.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तुझ्याच न्यू ऑर्लिन्समध्ये रॉयल स्ट्रीट आणि होमर प्लेसी वे यांच्या कोपऱ्यावर जा. त्या रस्त्याला २०१८ पर्यंत प्रेस स्ट्रीट म्हणत. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी नावाचा माणूस तिथे आगगाडीचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. धंद्यानं तो जोडे बनवणारा. (हे वाचून मराठी माणसाच्या मनात काय येतं, ते तुला वेगळं सांगायला नको.) त्याच्या पणज्या-पणजोबांपैकी एकच आफ्रिकी वंशाचं होतं आणि तो इतका गोरा होता की कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आपण ‘कलर्ड’ आहोत हे त्यानंच कंडक्टरला सांगितलं आणि डबा सोडायला नकार दिला. पकडला गेला. शहरातल्या नागरिकांच्या समितीनं हे सगळं ठरवून केलं होतं, वेगळ्या डब्यांच्या कायद्याला आव्हान द्यायला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध एक मतांनी ते हरले, आणि ‘वेगळे पण समान’ या नावाखाली डबे, शाळा, पाण्याचे नळ वेगळे ठेवायला पुढची ५८ वर्षं मोकळीक मिळाली. प्लेसीला राज्यपालांकडून माफी मिळाली ती जानेवारी २०२२ मध्ये.

१८९६ चा तो निकाल १९५४ मध्ये शाळांच्या ज्या खटल्यानं मोडला, त्यात आलेल्या पुराव्यांत बाहुल्या होत्या. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं लहान कृष्णवर्णीय मुलांसमोर एकसारख्या बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती? वाईट कोणती? बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शेवटचा प्रश्न असायचा, तुझ्यासारखी कोणती? तिथे काही मुलं रडत खोलीबाहेर पळाली. पल्लवीताईचा बायोडेटा आणि या बाहुल्या मला एकाच मांडणीतल्या वाटतात. फरक इतकाच की आपल्याकडे कोणी पळून जात नाही, आपण रकाना भरतो.

तुझी रूममेट तुला तिच्याकडची तपकिरी कागदी पिशवीची गोष्टही सांगेल कदाचित. पिशवीपेक्षा गडद असलेल्यांना काही क्लबांत, समारंभांत प्रवेश नसे, आणि दारावर उभे राहणारे कृष्णवर्णीयच असत. न्यू ऑर्लिन्समधल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती गोष्ट येते. पण ती तिनं सांगितली तर ऐकायची. “तुमच्यातही आहेच की” म्हणून आपण काढायची नाही.

आणि आपण अमेरिकेत आलो तेव्हा काय केलं? भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्या काळी बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळे. थिंड यांच्या बाजूनं युक्तिवाद झाला की उच्चवर्णीय हिंदू आर्य, म्हणून तो गोरा. पुरावा म्हणून पुढे असंही मांडलं की लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींना तसंच लेखतो, जसं अमेरिकन माणूस निग्रोला लेखतो. लग्नसंबंध, सई! स्थळ बघण्याची आपली रीत थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गोरेपणाचा दाखला म्हणून गेली. १९२३ मध्ये न्यायालयानं एकमतानं सांगितलं, तुम्ही गोरे नाही. आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचंही काढून घेतलं गेलं. आपल्यासारख्यांसाठी दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानं, आणि तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यानं तापलेल्या हवेत झाला. माझा व्हिसा, आपलं घर, तुझं कॉलेज, हे त्या लढ्याच्या पाठीवरून आलेलं आहे. इथल्या आपल्या मंडळाच्या गप्पांत “आम्ही मेहनतीनं वर आलो” हे वाक्य फार ऐकू येतं. मेहनत केली, नाही असं नाही. पण आधी दार कुणी ढकललं, हे कुणी बोलत नाही.

हे सगळं वाचून मराठीची लाज वाटायला लागली असेल, तर हेही ऐक. १८७३ मध्ये पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. माझ्या देशबांधवांनीही शूद्रांच्या बाबतीत हा कित्ता गिरवावा, असं त्यांनी तिथे लिहिलं. त्याच वर्षाच्या जानेवारीपर्यंत पिंचबॅक हे कृष्णवर्णीय गृहस्थ तुझ्या लुइझियाना राज्याचे हंगामी गव्हर्नर होते, पाचेक आठवडे का होईना. आणि एप्रिलमध्ये त्याच राज्यात कोलफॅक्सला गोऱ्यांच्या टोळीनं कृष्णवर्णीयांची कत्तल केली. यादवी युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं उत्तरेचं सैन्य १८७७ मध्ये मागे घेतलं गेलं आणि मिळवलेलं बरंच हातचं गेलं. जोतीराव ज्यांचं कौतुक करत होते त्यांनी काम अर्ध्यावर सोडलं. तरी पुण्यात बसून, टपालाच्या जहाजांच्या काळात, हा माणूस तिकडे बघून इकडचं समजून घेत होता, हे मला फार मोठं वाटतं.

तो धागा पुढे चालू राहिला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. डु बॉइस यांचं आपुलकीचं उत्तर आलं. १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी संघटनेला दलित पँथर नाव दिलं, ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. म्हणजे मराठीत ‘गोरा’वाला रकानाही आहे आणि हेही आहे.

तर तिला सरळ सांग : हो, आमच्याकडे गोरेपणाचा हव्यास आहे, त्यात जात मिसळलेली आहे आणि तो माझ्या घरातही आहे. एवढं पुरे. लगेच “पण मी तशी नाही” जोडू नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत घालत बसावं लागेल. ‘आमचंही तुमच्यासारखंच’ हेही नको. सारखं नाही. पुढे ती विचारेल तेवढं बोल.

आत्याला मी फोन केला. “सगळेच टाकतात रे, आणि नाही टाकलं तर फोन करून विचारतात,” म्हणाली. मी म्हटलं, विचारू देत, विचारणारे कोण ते तरी कळेल. ती हसली, पण रकाना अजून तसाच आहे. पल्लवीताईशी तूच बोल. बायोडेटा तिचा आहे, आणि तिला काय वाटतं हे अजून कुणी विचारलेलं नाही.

‘गुलामगिरी’ची माझी प्रत टपालानं पाठवतोय. पुस्तक मराठीत आहे, जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांचं, थोडं जुन्या वळणाचं. अडलं तर रविवारी फोनवर वाचू. अर्पणपत्रिका मात्र जोतीरावांनी इंग्रजीतही लिहिली होती, ती तुझ्या मैत्रिणीला आधी वाचायला दे.

तुझा,
बाबा